गुहा आणि ढोली

‘धोक्यात आलेले सस्तन प्राणी’ हा शब्दप्रयोग आम्हांस गेली काही वर्षे खटकत आला आहे. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो फार सैल आहे, एवढीच तक्रार. घर बदलताना खोक्यावर ‘भांडी’ असे लिहिले की आत पितळी पातेलेही जाते आणि काचेचा पेलाही जातो. उचलणाऱ्याला मात्र दोन्ही एकाच रीतीने उचलून चालत नाही. भूमध्य समुद्रातला माँक सील आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरात झाडांवर राहणारा लेडबीटरचा पॉसम, हे दोघे असेच एका खोक्यात पडले आहेत. एक सुमारे अडीच मीटर लांब, वजनाला तीनशे किलोच्या आसपास. दुसरा दीडशे ग्रॅमसुद्धा क्वचितच भरणारा, मुठीत मावेल असा. दोघांनाही यादीत जागा आहे, दोघांच्याही नावाने संस्था आहेत, दोघांविषयीही लिहिताना ‘दुर्मीळ’ हे विशेषण आपोआप हातून उतरते. त्यांच्यावरचे संकट मात्र एका जातीचे नाही, आणि ते एका जातीचे मानल्यामुळे पॉसमचे नुकसान होते आहे, असे आमचे मत झाले आहे.

आधी थोडे भाषेविषयी. मराठीत सीलला स्वतःचे नाव नाही. नसणारच, आपल्या किनाऱ्यावर तो येत नाही. ‘सील’ म्हटले की आपल्याला आठवते ती लाखेची मोहोर किंवा थकबाकीपोटी दुकानाला ठोकलेले टाळे. पॉसमची गत त्याहून वाईट. पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांना आपल्या शास्त्रीय ग्रंथांनी ‘शिशुधान’ असा सुरेख शब्द दिला आहे, पण तो ग्रंथांतच राहिला. बोलताना आपण कांगारू म्हणतो आणि थांबतो. तेव्हा या लेखात ‘सील’ आणि ‘पॉसम’ हेच शब्द येतील, वाचकांनी चालवून घ्यावेत. मात्र या दोघांना जे घर लागते त्यासाठी मराठीत अस्सल शब्द आहेत. एकाला गुहा लागते आणि दुसऱ्याला ढोली. सगळा भेद या दोन शब्दांत आहे.

सीलची कथा जुनी आहे, आणि तिची सुरुवात गुहेत होत नाही. होमरच्या ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात मेनेलाउस आणि त्याचे सोबती नुकत्याच सोललेल्या सीलच्या कातड्यांखाली दडून बसतात. समुद्राचा म्हातारा प्रोटिउस पाण्यातून वर येतो, आपले सील मेंढपाळाने मेंढ्या मोजाव्यात तसे मोजतो आणि त्यांच्यात आडवा होतो. कातड्यांची दुर्गंधी सोसवेना म्हणून एका जलदेवतेला त्या वीरांच्या नाकांखाली अमृताचा लेप लावावा लागला, हा तपशील कवीने पाहणाऱ्यांकडून ऐकूनच घातला असला पाहिजे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ते सील उघड्या किनाऱ्यावर रांगेने पहुडले आहेत. त्यांना कोणाची भीती नाही. आजच्या तुर्कस्तानातील फोचा या गावाचे प्राचीन नाव फोकाया. त्या नावात ‘सील’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ऑगस्टस सम्राट विजांना फार भीत असे आणि त्यांपासून रक्षण व्हावे म्हणून सीलचे कातडे जवळ बाळगी, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो. मदीरा बेटावर पंधराव्या शतकात पोर्तुगीज उतरले तेव्हा एका खाडीत त्यांना इतके सील दिसले की त्या जागेचे नाव ‘समुद्री लांडग्यांची खोली’ असे पडले. कामारा दे लोबुश हे नाव आजही आहे, लांडगे मात्र तेथून केव्हाच गेले.

पुढे काय झाले ते सांगायला फार शब्द नकोत. कातड्यासाठी मारले, तेलासाठी मारले, आणि ही दोन्ही कारणे मागे पडल्यावर जाळी फाडतो म्हणून मारले. काळ्या समुद्रातून तो नाहीसा झाला. इटली, स्पेन, फ्रान्स यांच्या किनाऱ्यांवरून त्याच्या वसाहती उठल्या. उरले ते सील ग्रीस, तुर्कस्तान व सायप्रसच्या खडकाळ किनाऱ्यांवर, मदीराजवळच्या देझर्ताश बेटांवर आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काबो ब्लांको येथे. या उरलेल्यांनी एक सवय बदलली. उघड्या वाळूवर विणे सोडून ते समुद्राकाठच्या गुहांत विऊ लागले. काही गुहांचे तोंड पाण्याखाली असते. बुडी मारून आत गेले की अंधारात एक लहानशी पुळण लागते. तेथे पिल्लू जन्मते: काळ्या लोकरीचे, पोटावर पांढरा डाग असलेले. हा डाग प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे अभ्यासकांना त्यावरून पिल्लू ओळखता येते. माणसाने छळल्यामुळे हा प्राणी गुहेत शिरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे गुहा हे त्याचे घर नव्हे, ती लपण्याची जागा आहे. ती वाईट जागा आहे. वादळात लाट आत घुसते आणि पोहायला न शिकलेले पिल्लू ओढून नेते.

१९९७ साली काबो ब्लांकोच्या वसाहतीत अवघ्या दोन महिन्यांत तीनशेच्या आसपास सीलांपैकी दोन-तृतीयांश मेले. विषाणूने की विषारी शेवाळाने, यावर शास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले. त्या काळी जगभरात हा प्राणी चार-पाचशेच उरला असावा असे म्हटले जाई, आणि त्यातला एवढा मोठा वाटा एका उन्हाळ्यात गेला. त्याच्या मृत्युलेखाची तयारी अनेकांनी केली होती. त्याचा चुलतभाऊ, कॅरिबियन समुद्रातला माँक सील, १९५२ नंतर कोणाला दिसला नव्हता आणि २००८ साली अमेरिकेने तो नामशेष झाल्याचे अधिकृतपणे जाहीरही केले. भूमध्यातल्या सीलचा क्रमांक पुढचा, असा सर्वसाधारण समज होता.

तो खोटा ठरला. काबो ब्लांकोची वसाहत आज पुन्हा तीनशेच्या वर गेली आहे. त्यासाठी केले गेले ते ऐकायला अगदी साधे आहे: गुहांच्या आसपास मासेमारी बंद, पहारा, आणि आजूबाजूच्या मच्छीमारांशी बोलणी. देझर्ताश बेटांवर १९८०च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम सहा-आठ सील उरले होते; १९९० साली ती बेटे राखीव झाली आणि संख्या हळूहळू वाढली. ग्रीसमध्ये अलोनिसोस बेटाभोवती १९९२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत हा सील १९९६पासून ‘अतिसंकटग्रस्त’ होता. २०१५ साली तो ‘संकटग्रस्त’ झाला आणि २०२३ साली ‘असुरक्षित’ या त्याहून सौम्य वर्गात आला. एकूण संख्या अजून जेमतेम हजारापर्यंतच आहे, हे विसरू नये. पण दिशा बदलली आहे.

यातले आम्हांस सर्वांत बोलके वाटणारे ठिकाण म्हणजे ग्यारोस. एजियन समुद्रातले हे उजाड बेट. १९४८पासून पुढे, आणि पुन्हा १९६७ ते १९७४ या लष्करी राजवटीच्या काळात, ग्रीक सरकार राजकीय कैद्यांना तेथे धाडत असे. नंतर २००० सालापर्यंत नौदल त्या बेटावर तोफांचा सराव करी. त्यामुळे तेथे हॉटेले झाली नाहीत, बंगले झाले नाहीत, सहलीच्या होड्या लागल्या नाहीत. माणसाने माणसाला छळण्यासाठी निवडलेल्या आणि पुढे तोफांनी भाजलेल्या त्या बेटावर आज या सीलची जगातली एक मोठी वसाहत आहे, आणि तेथले सील गुहेबाहेर, उघड्या पुळणीवर येऊन पडतात. होमरनंतर जणू मधले काही झालेच नाही! पाठलाग थांबताच काही पिढ्यांत प्राणी जुन्या सवयीकडे वळतो, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हांस तरी ठाऊक नाही.

पाठलाग पुरता थांबला आहे असे मात्र समजू नये. २०१८ सालच्या वादळात आईपासून तुटलेले एक पिल्लू ग्रीसमध्ये वाचवण्यात आले, त्याचे नाव कोस्टिस ठेवले, वाढवून त्याला अलोनिसोसजवळ समुद्रात सोडले. तो होड्यांवर चढून बसे, लोक त्याची छायाचित्रे काढत. २०२१च्या जुलैत तो मेलेला सापडला. पाण्याखालच्या शिकारीच्या बंदुकीचा भाला त्याच्या अंगात घुसला होता. हत्या जवळून झाली होती. संताप झाला, बक्षीस जाहीर झाले, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. एका सीलच्या मृत्यूची बातमी होणे, हीदेखील या प्राण्याच्या बाजूची एक ताकदच आहे. त्याला चेहरा आहे, मोठे ओले डोळे आहेत, आणि त्याला मारणारा हात कोणाचा तरी असतो. तो हात पकडता येतो. निदान पकडावा असे म्हणता येते.

आता पॉसमकडे येऊ.

लेडबीटरचा पॉसम हे नाव १८६७ साली पडले. फ्रेडरिक मॅकॉय या शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले आणि मेलबर्नच्या संग्रहालयात मृत प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या जॉन लेडबीटर यांचे नाव त्याला दिले. (भुसा भरणाऱ्याचे नाव जिवंत प्राण्याला, हा योगायोग पुढे फारच अन्वर्थक ठरणार होता.) पहिले नमुने बास नदीकाठच्या दलदलीच्या जंगलातले; ते जंगल लवकरच शेतीसाठी साफ झाले. १९०९ सालापर्यंत मोजकेच नमुने हाती आले आणि त्यानंतर कोणाला हा प्राणी दिसेना. १३ जानेवारी १९३९ला व्हिक्टोरियात भयंकर वणवा पेटला. त्या वणव्यांच्या हंगामात ७१ माणसे गेली आणि वीस लाख हेक्टरांच्या आसपास मुलूख जळाला. पॉसम जगात उरला असलाच तर त्या आगीत संपला असेल, असे सर्वांनी गृहीत धरले. १९६१च्या एप्रिलमध्ये मेरीस्व्हिल गावाजवळच्या जंगलात एरिक विल्किन्सन यांना तो रात्रीच्या वेळी दिसला. बावन्न वर्षांनी! १९७१ साली व्हिक्टोरियाने त्याला राज्याचा प्राणी म्हणून जाहीर केले.

तो त्या आगीतून कसा वाचला, हा प्रश्न आम्हांस फार दिवस पडला होता. उत्तर वाचल्यावर कोडे उलटेच निघाले. आगीने त्याचे पुष्कळ जंगल जाळले हे खरेच. पण पुढची काही दशके त्याला बरे दिवस दाखवले तेही त्याच आगीने.

त्याचे असे आहे. हा पॉसम राहतो तो मुख्यतः ‘माउंटन ॲश’ नावाच्या निलगिरीच्या जंगलात. फुलणाऱ्या वनस्पतींत जगात सर्वांत उंच वाढणारे हे झाड, शंभर मीटरांपर्यंत जाणारे. बहुतेक निलगिरी आगीनंतर खोडातून पुन्हा फुटतात. हे झाड तसे करत नाही. मोठ्या आगीत ते मरते आणि त्याच्या बियांतून नवी पिढी एकदम उगवते. पॉसमला दोन गोष्टी लागतात. खायला डिंक, रस आणि किडे. आणि राहायला ढोली. डिंक कसला, तर वॅटलचा, म्हणजे आपल्या बाभळीच्याच भाऊबंदांचा. आगीनंतर वॅटल दाट माजते, नव्या निलगिरींची गर्दी होते, आणि फांद्यांचे जाळे एवढे जुळते की पंखपडदे नसलेल्या या लहानशा प्राण्याला झाडावरून झाडावर उड्या मारत रात्र काढता येते. ही झाली रोजच्या भाकरीची सोय. घराची सोय केली ती मेलेल्या झाडांनी. आगीत ठार झालेले शेकडो वर्षांचे प्रचंड बुंधे पडले नाहीत. करड्या खांबांसारखे उभे राहिले आणि त्यांच्या ढोल्या शाबूत राहिल्या. मेलेल्या म्हाताऱ्यांत घर आणि जिवंत पोरांत अन्न, असा तो संसार होता. एका ढोलीत डझनभरापर्यंत पॉसम सालीच्या चिंध्यांचे गोल घरटे करून एकत्र झोपतात. सत्ता मादीची, हद्दीसाठी भांडते ती, आणि स्वतःच्या लेकींनाही वेळ झाली की हाकलून देते तीच.

पण मेलेले झाड कायमचे उभे राहत नाही. ते कुजते, वरून तुटत जाते, एका हिवाळ्यात आडवे होते. १९३९चे ते खांब गेली कित्येक दशके एकामागून एक कोसळत आहेत. त्यांची जागा घ्यायला हवीत त्या आगीनंतर उगवलेली झाडे. ती उंच आहेत, देखणी आहेत, ऐंशी वर्षांपलीकडे गेलेली आहेत. आणि त्यांना ढोल्या नाहीत. माउंटन ॲशला पॉसमजोगी ढोली धरायला साधारण १२० ते १५० वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. आपल्याकडे सुतारपक्षी आणि तांबट चोचीने खोडे कोरतात, त्यांनी सोडलेली घरे इतर जीव वापरतात. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीतच. तेथे ढोली होते ती फांदी मोडून, बुरशी शिरून, वाळवी लागून आणि आगीची झळ पोचून, म्हणजे म्हातारपणाने. तिला दुसरा कारागीर नाही.

माणसाने मधल्या काळात काय केले? १९३९नंतर जळून उभ्या राहिलेल्या बुंध्यांपैकी पुष्कळ लाकडासाठी काढून नेले. पुढे त्याच आगीनंतर उगवलेली तरणी झाडे फळ्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी सरसकट तोडणे सुरू झाले. तोडीचे चक्र कागदोपत्री ऐंशी वर्षांच्या आसपास धरलेले. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत: ढोलीला किमान १२० आणि तोडीला ८०. या हिशेबात झाड पुन्हा लावले जाते, जंगल ‘टिकाऊ’ राहते, अहवाल खरे ठरतात, आणि ढोली कधीच होत नाही. एकाही पॉसमला कोणी गोळी घातली नाही, एकाचेही कातडे काढले नाही. राज्याच्या मानचिन्हाला पन्नास वर्षे अशा सभ्य रीतीने बेघर केले गेले.

७ फेब्रुवारी २००९ला पुन्हा आग लागली. १७३ माणसे मेली, मेरीस्व्हिल गाव जवळजवळ राहिले नाही, पॉसमच्या अधिवासाचा मोठा हिस्सा जळाला. या वेळी १९३९ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण जळण्याजोगे म्हातारेच थोडे उरले होते. तरणे झाड जळून मेले तर मागे ढोलीचा खांब उरत नाही, नुसता वासा उरतो. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २०१५ साली या पॉसमला ‘संकटग्रस्त’मधून काढून ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. याद्या दोन निराळ्या आहेत हे मान्य करूनही सांगावेसे वाटते, की ज्या साली सील जिन्यावरून एक पायरी वर आला त्याच साली पॉसम एक पायरी खाली उतरला.

न्यायालयातही प्रकरण गेले. पॉसमच्या पाठीराख्यांच्या संघटनेने राज्याच्या लाकूड महामंडळाविरुद्ध दावा लावला आणि २०२० साली तो जिंकला. २०२१ साली अपिलात निकाल फिरला. त्यानंतर २०२३च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया सरकारने जाहीर केले की राज्याच्या नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड, जी २०३०पर्यंत चालणार होती, ती १ जानेवारी २०२४लाच थांबेल. तशी ती थांबली. अनेकांनी आनंदाने लिहिले की पॉसम वाचला.

आमचा वाद आहे तो या वाक्याशी. सीलच्या बाबतीत ‘थांबवले’ आणि ‘वाचला’ यांत फार अंतर नसते. गुहा खडकाची आहे. ती कालही होती, उद्याही आहे. पुळण रिकामी करा, भाले आवरा, जाळ्यांच्या नुकसानीचा काही न्याय्य मार्ग काढा, आणि बाकीचे काम सीलची मादी करते. एका माणसाच्या नोकरीच्या काळात, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत, फळ दिसते. देझर्ताशच्या पहिल्या पहारेकऱ्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले असणार. पॉसमच्या बाबतीत करवत थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी जंगलात ढोल्यांची संख्या तेवढीच असते, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी, कारण जुने खांब पडतच राहतात. १९३९ची झाडे १२० वर्षांची होतील २०५९ साली, आणि १५० वर्षांची २०८९ साली. मध्ये मोठी आग आली नाही तर. तोडलेल्या पट्ट्यांत २०२० साली पेरलेले बी असेल, तर त्याचा हिशेब पुढच्या शतकातच करावा लागतो. मारणारा हात थांबला की संपणारे संकट आणि हात थांबल्यावरही वाढत राहणारे संकट, या दोहोंना एकच शब्द वापरला की दुसऱ्या संकटातला प्राणी पहिल्याच्या यशाने झाकला जातो.

याद्या करणाऱ्यांना हे कळत नाही असे आम्ही म्हणणार नाही. निसर्ग संरक्षण संघाने २०२१ साली लाल यादीच्या जोडीला ‘हरित स्थिती’ नावाची मोजणी सुरू केली. जात किती सावरली आणि पुढे किती सावरू शकेल याचा ती अंदाज घेते. चांगली गोष्ट आहे. पण तिची सर्वांत लांबची नजरही शंभर वर्षांची. आज रुजलेल्या माउंटन ॲशला शंभराव्या वर्षी ढोली नसते! तक्रार यादीवर नाही. शंभर वर्षांपलीकडचे मोजणे कोणालाही अवघडच. चार वर्षांनी निवडणूक असलेल्या सरकारकडून १५० वर्षांच्या वस्तूची काळजी मागावी लागते, ही खरी अडचण आहे, आणि ती केवळ व्हिक्टोरियाची नाही. आपल्या कोकणातल्या धनेशालाही जुन्या झाडाची नैसर्गिक ढोलीच लागते, आणि ‘एकास दहा झाडे लावू’ असे सांगून जुने झाड तोडण्याची परवानगी आपल्याकडेही मिळते.

कोणी म्हणेल, ढोल्या होईपर्यंत लाकडी पेट्या टांगाव्यात. टांगल्या जातात, पॉसम त्यांत राहतातही. यांत्रिक करवतीने जिवंत झाडात कृत्रिम ढोली कोरण्याचे प्रयोगही झाले आहेत. आम्ही याच्या विरोधात नाही. पण पेटी काही वर्षांत कुजते, फुगते, पडते. कोणीतरी दोर घेऊन उंच झाडावर चढून ती बदलावी लागते. हे काम एकदा हाती घेतले की २०५९पर्यंत, खरे तर त्याही पुढे, एकही दशक न चुकता करावे लागेल. सीलच्या पहारेकऱ्याला कधीतरी निवृत्त होण्याची आशा आहे. पेट्या बदलणाऱ्याला ती नाही. म्हणून तोडबंदीच्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकून निधी दुसरीकडे वळवणे, ही आम्हांस तोडीइतकीच घातक गोष्ट वाटते. शिवाय तोड थांबली म्हणजे झाड पडणे थांबले असे नाही. वणवा रोखण्यासाठी पट्टे मोकळे केले जातात, रस्त्याकडेची ‘धोकादायक’ झाडे काढली जातात. धोकादायक कोणते, तर म्हातारे, पोकळ, वाळलेले. नेमके ज्यात ढोली असते ते. वणव्यात १७३ माणसे गमावलेल्या राज्यात वणवारोधक पट्ट्यांना सरसकट विरोध करणे आम्हांस शोभणार नाही. परंतु प्रत्येक जुन्या झाडाची नोंद, आणि ते पाडण्यापूर्वी त्यात कोण राहते याची रात्रीची पाहणी, एवढे मागणे अवाजवी नाही. ज्या वस्तूचा पुरवठा पुढची तीस-चाळीस वर्षे वाढणारच नाही, तिचा प्रत्येक नग मोजलाच पाहिजे, हा साधा वाण्याचा हिशेब आहे.

सीलच्या पक्षपात्यांनी आमच्यावर रागावू नये. सील सुरक्षित झाला असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. एकाच वसाहतीत एवढे प्राणी एकवटले की एक साथ पुरते, हे १९९७ने दाखवले आहे. आणि उन्हाळ्यात गुहांच्या तोंडाशी लागणाऱ्या सहलीच्या होड्या पाहिल्या, तर कातडे काढणाऱ्यांची जागा छायाचित्रे काढणाऱ्यांनी घेतली की काय असे वाटते. लहान मच्छीमाराची तक्रारही खोटी नाही; फाटलेले जाळे त्याचे असते, आणि समुद्रातली मासळी सीलने नव्हे तर मोठ्या जहाजांनी संपवली हे सांगून त्याचे जाळे शिवले जात नाही. हे सगळे प्रश्न कठीण आहेत, पण ते माणसामाणसांतले आहेत. त्यांवर बसून बोलता येते, भरपाई देता येते, कायदा करता येतो, आणि उद्या सकाळपासून फरक पडू शकतो.

झाडाशी असे बोलता येत नाही. मेरीस्व्हिलच्या वरच्या बाजूला १९३९ सालच्या राखेतून उगवलेली झाडे आज सरळ, गुळगुळीत आणि भरीव उभी आहेत. त्यांच्यामधून अधूनमधून एखादा करडा, वाळका खांब डोके काढतो, आणि संध्याकाळी उजेड गेला की त्याच्या भोकातून एकामागून एक पॉसम बाहेर पडून वॅटलच्या डिंकाकडे निघतात. पहाटे त्यांना परतायचे असते ते त्याच खांबात.